फटफटीस्वारांचे फेस्त

यात्रा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पायी चालणारी माणसे उभी राहतात. बेळगाव, खानापूर आणि सिंधुदुर्ग या भागांतून जुन्या गोव्याकडे निघणारे भाविकांचे जथे आपल्या परिचयाचे आहेत. खांद्यावर पिशवी, हातात जपमाळ, पायांना फोड. रात्री एखाद्या चर्चच्या ओसरीवर पाठ टेकावयाची आणि पहाटे पुन्हा वाटेला लागावयाचे. अशा रीतीने ३ डिसेंबरच्या सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला ही माणसे पोचतात. कष्ट हा यात्रेचा आत्मा आहे असे आपण मानतो, आणि ते योग्यच आहे. परंतु दोन चाकांवर आरूढ होऊन, कानठळ्या बसविणारा आवाज करीत, हजारोंच्या संख्येने मरियामातेच्या दारी जाणाऱ्यांना यात्रेकरू म्हणावे की नाही? या प्रश्नाचे उत्तर २०१९ साली फ्रान्स देशातील एका खेड्यात मला मिळाले. त्या खेड्याची आणि तेथील फेस्ताची हकीकत वाचकांपुढे ठेवावी, असे मनात आहे.

फ्रान्सच्या पश्चिमेस अटलांटिक महासागरात दूरवर शिरलेला ब्रेतान्य नावाचा प्रांत आहे. आपल्या कोकणाची आठवण व्हावी असाच तो मुलूख. किनाऱ्यावर कोळ्यांची वस्ती, आत शेतकऱ्यांची; दगडी चर्चे आणि वाटेवाटेवर उभे असलेले दगडी खुरीस. तेथील जुन्या लोकांची ब्रेतों भाषा फ्रेंचहून अगदी निराळी आहे. गावोगावच्या आश्रयदात्या संताच्या फेस्ताला हे लोक ‘पार्दों’ म्हणतात. पार्दों म्हणजे क्षमा. प्रथम पापांची क्षमा मागावयाची, मिस्सा ऐकावयाची, मिरवणूक काढावयाची. मग एकत्र बसून जेवावयाचे आणि नाचगाण्यात दिवस घालवावयाचा. मरियामातेची आई सेंट अ‍ॅन हिच्या नावाने २६ जुलै रोजी सेंत-आन-दोरे येथे भरणारे पार्दों सर्वांत मोठे. कोळ्यांची पार्दों निराळी आणि शेतकऱ्यांची निराळी. सेंट एल्वा हा लोहारांचा व नालबंदांचा संत. त्याच्या पार्दोंला शेतकरी आपले घोडे घेऊन येत आणि धर्मगुरू त्या घोड्यांवर पवित्र पाणी शिंपडीत. ज्या जनावराच्या पाठीवर घरादाराचा भार, ते जनावरही देवापुढे आणावयाचे, ही शेतकऱ्याची श्रद्धा.

या प्रांतातील मोर्बियां जिल्ह्यात पोर्कारो हे गाव आहे. लोकवस्ती सुमारे सातशे. उत्तरेला पँपोंचे घनदाट अरण्य आहे. आर्थर राजाच्या दंतकथांशी लोक त्याचे नाते जोडतात. शेजारच्या गेर गावाजवळ सेंसिर ही फ्रेंच सेनाधिकाऱ्यांची विख्यात प्रशाला आहे. खुद्द पोर्कारोमध्ये मात्र एक चर्च, काही दगडी घरे आणि सभोवार शेते यांपलीकडे पाहावयास फारसे काही नाही. १९७९ साली येथील धर्मगुरू फादर लुई प्रेवोतो यांनी १५ ऑगस्ट रोजी, म्हणजे मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला, मोटारसायकलस्वारांची यात्रा सुरू केली. फादर स्वतः मोटारसायकल चालवीत. अशा तरुणांकडे त्या काळी लोक भीतीने आणि तुच्छतेने पाहत. चर्चच्या दारात त्यांना जागा नाही, असे त्या तरुणांनाही वाटे. घोड्यांना आशीर्वाद मिळतो, तर लोखंडी घोड्यांना का मिळू नये? पहिल्या वर्षी मोजके स्वार आले. पुढे हा आकडा वाढत जाऊन वीस हजार मोटारसायकलींच्या आसपास पोचला. सातशे वस्तीच्या गावात वीस हजार फटफट्या! दर माणशी सुमारे अठ्ठावीस! मरियामातेची तेथील मूर्ती आज ‘मोटारसायकलस्वारांची मादोना’ या नावाने देशभर ओळखली जाते. इटलीतील कास्तेलात्सो बोर्मिदा या गावीही असाच मेळा भरतो. तेथील मरियामातेला बारावे पायस पोपमहाशय यांनी १९४७ साली मोटारसायकलस्वारांची आश्रयदात्री म्हणून मान्यता दिली होती.

उन्हाळ्यात युरोपातील खेड्यांत धर्मगुरूंची मोठी वाण पडते. एक म्हातारा फादर दहा-बारा चर्चे सांभाळतो. तो महिनाभर विश्रांतीला गेला की परदेशी धर्मगुरू तेथे मिस्सा म्हणावयास जातात. या निमित्ताने मी लाव्हाल शहराजवळच्या एका धर्मग्रामात होतो. तेथील नऊ जण सात मोटारसायकलींवरून पोर्कारोला निघाले आणि मला सोबत चलण्याचा त्यांनी आग्रह केला. सव्वाशे किलोमीटरची वाट. आमचा म्होरक्या निवृत्त टपालवाला होता. पंचवीस वर्षे सरकारी सायकल आणि मग फटफटी चालवून त्याने तो मुलूख तळहातासारखा ओळखला होता. त्याने मला मागे बसविले, जाड कोट आणि शिरस्त्राण दिले, हातमोजेही दिले. हातमोज्यांची मला गंमत वाटली. पण फ्रान्समध्ये २०१६ पासून चालविणाऱ्याला व मागे बसणाऱ्याला दोघांनाही ते कायद्याने बंधनकारक आहेत. “फादर, माणूस पडतो तेव्हा प्रथम हात टेकतो,” एवढेच तो म्हणाला.

निघण्यापूर्वी त्याने सर्वांना वर्तुळात उभे करून नियम सांगितले. ते ऐकताना ही फटफटीस्वारांची टोळी आहे की एखाद्या मठातील बंधुसंघ आहे, असा मला संभ्रम पडला. रस्त्यावर एकामागे एक सरळ ओळ धरावयाची नाही. पहिला डावीकडे, दुसरा उजवीकडे, तिसरा पुन्हा डावीकडे, अशी नागमोडी ओळ धरावयाची. म्हणजे प्रत्येकाला पुढचे दिसते आणि अचानक थांबावे लागले तर जागा राहते. पुढच्यात आणि आपल्यात निदान दोन सेकंदांचे अंतर असावे. सर्वांत मंद चालविणाऱ्याला म्होरक्याच्या पाठोपाठ ठेवावयाचे, म्हणजे सर्वांचा वेग त्याच्या वेगाने ठरतो. सर्वांत अनुभवी माणसाने शेवटी राहावयाचे. आणि शेवटचा नियम असा: पुढच्याला गाठण्याची चिंता करू नका, आरशात मागचा दिसतो की नाही ते पाहा. दिसेनासा झाला तर वेग कमी करा; वळण असेल तर वळणावर त्याच्यासाठी थांबा. प्रत्येकाने आपल्या मागच्याला सांभाळले की कोणी वाट चुकत नाही. मग टपालवाल्याने शिरस्त्राण काढले, आम्ही एकदा ‘नमो मरिया’ म्हटले आणि सात इंजिने एकदम गरजली.

मका, सफरचंदांच्या बागा आणि काळ्यापांढऱ्या गाईंची कुरणे मागे टाकीत आम्ही व्हित्रे या किल्ल्याच्या गावी पोचलो. तेथून रेन्न शहर. रेन्नच्या पुढे रस्ता रुंद होतो आणि दुतर्फा धावणाऱ्या मोटारसायकलींची संख्याही एकाएकी वाढते. मागून टोळ्यामागून टोळ्या येत, आम्हांला ओलांडून पुढे जात. जाताना स्वार डाव्या हाताची दोन बोटे दाखवून अभिवादन करीत. एखाद्या मोटारवाल्याने बाजूला सरून वाट दिली तर उजवा पाय बाहेर काढून त्याचे आभार मानीत. उजवा हात वेगाच्या मुठीवर असल्यामुळे पायानेच आभार! तो सलाम पाहून मला हसू आवरेना.

आमच्यात सुताराच्या हाताखाली काम शिकणारा एक एकोणीस वर्षांचा मुलगा होता. एक मोठी टोळी भर्रकन पुढे गेली तशी त्याच्या रक्तानेही उसळी घेतली असावी. ओळ मोडून तो त्या टोळीच्या मागे गेला आणि पाहता पाहता दिसेनासा झाला. आता टपालवाला त्याच्या पाठलागास लागणार असे मला वाटले. त्याने उलट वेग कमी केला, पुढच्या थांब्यावर गाडी घेतली आणि इंजिन बंद केले. “एकाच्या मागे सहा धावले तर सातही जातील. त्याच्या आरशात आता कोणी नाही. ते त्याला थोड्या वेळाने कळेल,” तो म्हणाला. आम्ही थर्मासमधील कॉफी घेत थांबलो. कोणी रागावले नाही. पण कोणी बोललेही नाही.

आमच्या ओळीच्या शेवटी एक पन्नाशीची बाई असे. इस्पितळात परिचारिका, स्वभावाने मितभाषी. ती कुंपणाला टेकून रस्त्याकडे पाहत उभी होती. मी जवळ गेलो तेव्हा तिने आपण होऊन सांगितले, “फादर, माझाही मुलगा एकोणीसचा होता. मित्रांबरोबर निघाला होता. त्याची गाडी लहान. ते पुढे गेले. त्यांना गाठावयाचे म्हणून वळणावर वेग आवरला नाही. मित्रांना कळले ते अर्ध्या तासाने. त्यांच्यापैकी कोणी आरशात पाहिले नव्हते.” मग थोडे थांबून म्हणाली, “म्हणून मी नेहमी शेवटी राहते. माझ्यामागे कोणी राहता कामा नये.” मी धर्मगुरू, सांत्वनाचे शब्द हा माझा व्यवसाय. पण त्या क्षणी उच्चारावा असा एकही शब्द मला सुचला नाही. तिलाही तो नको होता.

एवढ्यात टपालवाल्याचा फोन वाजला. मुलगा प्लेलां गावी चर्चच्या भिंतीशी उभा होता. आम्ही तेथे पोचलो तेव्हा त्याचे तोंड उतरलेले होते. टपालवाल्याने त्याला एक शब्दही बोलून दाखविला नाही. फक्त आपल्या पाठोपाठची जागा बोटाने दाखविली. ती सर्वांत मंद स्वाराची जागा. मुलगा खाली मान घालून तेथे जाऊन उभा राहिला.

पोर्कारोच्या अलीकडे चार किलोमीटरवर रस्ता तुंबला. तेवढे अंतर कापण्यास आम्हांला दीड तास लागला. चहूकडून येणारे रस्ते एकाच अरुंद गल्लीत येऊन मिळत होते. चालत्या फटफटीचे इंजिन वाऱ्याने थंड होते. थांबलेल्या फटफटीचे तापते. म्हणून अनेक जण इंजिन बंद करून, खाली उतरून, दोन-अडीचशे किलोंचे ते धूड हातांनी ढकलीत होते. घराघरांतून बायका पाण्याच्या बाटल्या भरून देत होत्या. एक म्हातारा बागेची नळी घेऊन तहानलेल्यांची शिरस्त्राणे भरीत होता! गावकऱ्यांनी कापणी झालेली शेते गाड्या उभ्या करण्यासाठी मोकळी ठेवली होती. मऊ मातीत फटफटीचा टेकू रुततो आणि गाडी कोसळते. म्हणून अनुभवी स्वार टेकूखाली ठेवण्यास लाकडाची चपटी फळी बरोबर आणतात. ज्यांच्याजवळ ती नव्हती, त्यांना शेजारी दगड शोधून देत होते. खाण्याच्या, पाण्याच्या, शौचकूपाच्या, सगळ्याच रांगा लांबच लांब. कुट्टूच्या पिठाची आपल्या घावनासारखी पोळी करून तिच्यात मांसाची लांब गुंडाळी ठेवतात; ते तिकडचे जत्रेतील खाणे. ते मिळण्यास पाऊण तास लागला. गर्दीतील कोणाच्या अंगावर कवटीची चित्रे, कोणाच्या दंडावर गोंदण, कोणाच्या हातात बिअरचा पेला. एका बाजूस कर्कश संगीत चालू होते. खरे सांगावयाचे तर माझ्या मनात आले, ही यात्रा कसली? ही तर जत्रा!

मिस्सा उघड्या मैदानावर होती. पुढच्या खुर्च्यांवर गावच्या म्हाताऱ्या बायका बसल्या होत्या; त्यांच्यामागे जिकडे पाहावे तिकडे कातडी कोट आणि काखेत धरलेली शिरस्त्राणे. वर्षभरात रस्त्यावर मृत्यू पावलेल्या स्वारांसाठी प्रार्थना सुरू झाली तेव्हा तो विराट समुदाय इतका स्तब्ध झाला की दूरवरच्या एका मुलाचे रडणे स्पष्ट ऐकू आले. ज्यांच्या दंडावर कवट्या गोंदविलेल्या होत्या त्यांच्या डोळ्यांत पाणी मी पाहिले. मृत्यू त्यांच्यासाठी चित्र नव्हता. बहुतेक प्रत्येकाने एखादा मित्र मातीआड केलेला होता.

मिस्सा आटोपल्यावर मी माझी शंका एका वृद्ध फ्रेंच धर्मगुरूंपुढे मांडली. ते हसून म्हणाले, “तुमच्या देशात फेस्ताला येणारे सगळे मिस्सेसाठीच येतात काय, फादर? येथे असे पुष्कळ आहेत की बाप्तिस्म्यानंतर त्यांनी चर्चचा उंबरठा ओलांडलेला नाही. वर्षातून एकदा ते माझ्यासमोर मान वाकवितात. माझ्याजवळ पाण्याचे चार थेंब आणि दोन क्षण असतात. तेवढ्यात मी त्यांच्या डोळ्यांत पाहतो. बाकीचे काम मरियामातेचे.” असे म्हणून त्यांनी माझ्या हातात पवित्र पाण्याचा कुंचला दिला.

मग मोटारसायकली एकेक करून आमच्या पुढून सरकू लागल्या. तासांमागून तास त्या येतच होत्या. कोणी डोळ्यांवरची काच वर करी, कोणी छातीवर क्रुसाची खूण करी, कोणी नुसतेच ओशाळवाणे हसे. एका बापाने मागे बसलेल्या लहान मुलीकडे बोट दाखवून, “प्रथम तिला,” असे सांगितले. हात भरून आला. कुंचला कोरडा पडे, पुन्हा भिजवावा लागे. आमची टोळी आली तेव्हा सुताराचा मुलगा टपालवाल्याच्या पाठोपाठच होता. आशीर्वाद घेऊन तो चार हात पुढे गेला, आणि थांबला. मान वळवून त्याने आरसा नीट केला. मागची परिचारिका त्यात दिसू लागेपर्यंत तो जागचा हलला नाही. जत्रा आणि यात्रा यांतील फरक मला तेथे कळला. जत्रेत माणूस आपल्या सुखासाठी गर्दीत शिरतो. यात्रेत मागून येणाऱ्याचा भार तो आपला मानतो. पायी चाला की फटफटीवर बसा, कसोटी हीच.

वाचकहो, हे सारे दूरदेशचे कौतुक म्हणून मी लिहिलेले नाही. आपल्या चोर्ला घाटातून नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मोटारसायकलींचे थवे गोव्याकडे उतरताना आपण पाहतोच. वागातोरच्या टेकडीवर त्यांचे मोठमोठे मेळावे भरत आले आहेत. पण त्या थव्यांची गोष्ट राहू द्या. आपल्या घरोघरी आज फटफटी आहे. तिच्यावर दूध डेअरीला जाते, आजारी आई दवाखान्यात जाते, मुलगा शहरात नोकरीला जातो. नवी गाडी घेतली की हार घालून ती चर्चसमोर उभी केली जाते आणि फादरांना बोलाविले जाते. ही प्रथा उत्तम आहे. परंतु त्याच संध्याकाळी त्याच गाडीवर तिघे बसतात, आणि शिरस्त्राण आरशाला लटकत असते. म्हणजे डोके उघडे, आणि आरसाही आंधळा!

सरकारी आकडेवारीनुसार २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी शेकडा ४४ हून अधिक दुचाकीवरील होती. त्यांत कमावते तरुण किती असतील, आणि किती आया त्या फ्रेंच परिचारिकेसारख्या रस्त्याकडे पाहत राहिल्या असतील! १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील १२९ वे कलम चालविणाऱ्याप्रमाणेच मागे बसणाऱ्यालाही शिरस्त्राण सांगते. तो पोलिसाचा कायदा झाला. पवित्र सभेचेही यावर सांगणे आहे. २००७ साली व्हॅटिकनने रस्त्यावरील प्रवाशांच्या आध्यात्मिक सेवेसंबंधी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली आणि तीत वाहन चालविणाऱ्यांसाठी दहा आज्ञा घातल्या. त्यांतील पहिली मोशेला मिळालेलीच आहे: खून करू नको. रस्ता माणसांना जोडण्यासाठी आहे, जखमी झालेल्याला मदत करावी, वाहन हे सत्ता गाजविण्याचे साधन नव्हे, असेही तीत बजावले आहे. भरधाव गाडी हाकणे हे केवळ नियमभंग नसून पाचव्या आज्ञेशी खेळ आहे, हे आपण पापनिवेदनाच्या वेळी कधी आठवतो काय?

आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. २०१३ च्या जून महिन्यात हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकलींचे हजारो स्वार रोममध्ये जमले होते. फ्रान्सिस पोपमहाशयांनी त्यांना आशीर्वाद दिला. त्या कंपनीने पोपमहाशयांना मोटारसायकल भेट दिली होती. तिचा २०१४ साली पॅरिस येथे लिलाव झाला आणि ती २,४१,५०० युरोंना विकली गेली. ते धन रोमच्या कारितास संस्थेकडे, बेघरांच्या निवाऱ्यासाठी व भोजनगृहासाठी गेले. लोखंडाच्या घोड्यावरून भाकरीही वाहून नेता येते, ती अशी.

आता माझ्या चर्चसमोर हार घातलेली नवी गाडी उभी राहिली की पाणी शिंपडण्यापूर्वी मी मालकाला तीन प्रश्न विचारतो. शिरस्त्राणे किती आहेत? एक असेल तर दुसरे घेऊन या, मग आशीर्वाद. दारू घेतल्यावर किल्ली कोणाच्या हाती द्याल? त्या माणसाचे नाव घरच्यांसमक्ष सांगा. आणि तिसरा प्रश्न: आरशात काय दिसते? काही जण हसतात, काही जण चिडतात. पण एका आईने मध्यंतरी मुलाच्या हातातून किल्ली काढून घेतली व शहरात जाऊन शिरस्त्राण आणल्यावरच परत दिली, असे कानी आले.

फेस्ताच्या नोव्हेनांना, लग्नांना, जुन्या गोव्याच्या यात्रेला आपले तरुण टोळीने निघतील तेव्हा त्यांनी टपालवाल्याचे नियम पाळावेत, एवढीच माझी विनंती आहे. मंदाला पुढे घ्या, जाणत्याला शेवटी ठेवा, आणि मागचा दिसेनासा झाला तर थांबा. घरातील वडीलधाऱ्यांनी हे नियम एकदा जेवणाच्या पंगतीला मुलांना वाचून दाखवावेत. स्वर्गोन्नत झालेली आपली माता मागे राहिलेल्या लेकरांकडे सतत पाहत असते. तिच्या लेकरांनीही एकमेकांकडे तसेच पाहावे. ती आपल्या सर्वांना सुखरूप घरी पोचवो.